नैवेद्याच्या जुन्या चौरंगाचा पितळी पत्रा फुगलाय: दुरुस्त करावा, की नवा चांदीचा करावा?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका देवीच्या देवळातल्या नैवेद्याच्या चौरंगाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

चौरंग लाकडी, वर पितळी पत्रा. वरची फळी 24 इंच बाय 18 इंच, जाडी 1 इंच, जमिनीपासून उंची 12 इंच. चार कातीव पाय, फळीखाली चारी बाजूंना 3 इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या. पट्ट्यांवरही पितळ असून त्यावर वेलबुट्टी ठोकलेली आहे. वरचा पत्रा साधा.

तक्रारी अशा: वरचा पत्रा मधोमध पोट आल्यासारखा फुगलाय, ताट ठेवलं की डुगडुगतं. मागचे दोन कोपरे चिरलेत आणि तिथून पाणी आत जातं. कडेला हिरवा थर, चुकांची (बारीक खिळ्यांची) डोकी गंजून तपकिरी. मागचा डावा पाय हलतो. चारही पायांची बुडं काळी पडून मऊ झालीत. वरची फळी मात्र खालून बघितली तर ठणठणीत वाटते.

नवरात्राआधी काम उरकायचं आहे. एक भाविक चांदी द्यायला तयार आहेत, त्यामुळे कमिटीत दोन मतं आहेत: हाच दुरुस्त करून पितळ ठेवायचं, की नवा करून चांदीने मढवायचा. चांदी किती लागेल, लाकूड कोणतं घ्यावं, पत्रा पुन्हा फुगू नये म्हणून काय करावं, आणि हा चौरंग किती जुना असेल हे ओळखता येतं का, एवढं कळलं तर बरं होईल.

पटाशी

भाऊ, आधी पत्रा का फुगला ते समजून घ्या. नाहीतर चांदी चढवली तरी चार वर्षांत तीही अशीच फुगेल.

लाकूड रेषांच्या दिशेने जवळपास वाढत नाही, पण रुंदीत दर पावसाळ्यात फुगतं आणि दर उन्हाळ्यात आखडतं. सागाचं गणित करून बघा. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत आडवी चिरलेली फळी (टोकाला वर्तुळाच्या रेषा रुंद बाजूला समांतर असलेली) रुंदीत सुमारे 5.8 टक्के आखडते, उभी चिरलेली (रेषा रुंद बाजूला काटकोनात असलेली) सुमारे 2.5 टक्के. आपल्याकडे एप्रिल ते ऑगस्ट लाकडातल्या ओलाव्यात 6 टक्क्यांचा फरक धरला, तर तुमची 18 इंची फळी आडवी चिरलेली असल्यास 5 मिलिमीटरच्या वर हलते, उभी चिरलेली असल्यास अडीचच्या आत. त्याच वेळी 24 इंच लांबीचा पितळी पत्रा 20 अंश तापमानाच्या फरकाने पाव मिलिमीटरसुद्धा वाढत नाही.

म्हणजे फळी हलते आणि पत्रा जागच्या जागी. उन्हाळ्यात घट्ट ठोकलेला पत्रा पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीने रुंदीत ताणला जातो. चुका सैल होतात, कोपरे चिरतात. मग फळी पुन्हा आखडते, पण ताणलेला पत्रा परत लहान होत नाही. तो जादाचा पत्रा वर येतो, तेच हे पोट. हातोडीने ते ठोकून बसवायला जाऊ नका. ठोकल्याने पत्रा आणखी पसरतो आणि पोट वाढतं.

आता दुरुस्ती. फळी ठणठणीत असेल तर ती बदलण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं सुकलेलं जुनं लाकूड नव्या फळीपेक्षा कमी हलतं. माझं मत स्पष्ट आहे: लाकूड हेच ठेवा. धातूचं काय करायचं ते नंतर ठरवा.

क्रम असा ठेवा. पत्रा उतरवताना चुका ओढून काढू नका, त्यात पत्र्याची भोकं फाटतात. डोकं कानशीने घासून काढा, पत्रा वर उचला, मग राहिलेली चूक पक्कडीने काढा. पट्ट्यांवरचं वेलबुट्टीचं पितळ उतरवलं की प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलीने पुढची, मागची, डावी, उजवी असं लिहून ठेवा. हाताने ठोकलेल्या कामात चारी बाजू कधीच एकसारख्या नसतात.

हलणाऱ्या पायाला खिळा मारू नका. आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, पायाच्या भोकात बसतं आणि आरपार बांबूची खुंटी असते. खुंटी मागून ठोकून काढा, सांधा उघडा. कुसू आखडून सैल झालं असेल तर त्याच्या गालावर सागाचीच पातळ चीप चिकटवून पुन्हा मापात आणा. 1 इंच जाडीच्या पट्टीला कुसू साधारण 8 ते 9 मिलिमीटर जाड असावं, म्हणजे जाडीच्या एक तृतीयांश. परत जोडताना कुसवातलं खुंटीचं भोक पायातल्या भोकाशी तंतोतंत जुळवू नका. ते 1 ते दीड मिलिमीटर कुसवाच्या खांद्याकडे सरकवून पाडा. टोकदार खुंटी आत गेली की सांधा आपोआप आवळला जातो आणि डिंकाची गरजच उरत नाही.

डिंकावरून महत्त्वाचं. सुतारकामातला जुना सरस जनावरांच्या चामड्या-हाडांपासून होतो. देवळाच्या कामात कारागिराला आधीच सांगा, सरस नको. चीप चिकटवायला नेहमीचा पांढरा डिंक चालतो. जुना सांधा सरसाने जोडलेला असेल तर गरम ओल्या फडक्याने शेकल्यावर तो सुटतो.

पायांची बुडं कुजण्याचं कारण दगडी फरशीवरचं पाणी. पायाच्या बुडाला लाकडाच्या रेषा उघड्या असतात, तिथून पाणी वर चढतं. मऊ भाग पूर्ण कापून टाका, साधारण एक ते दीड इंच जाईल. त्या जागी शिसवीचा किंवा सागाच्या गाभ्याचा तुकडा मधोमध गोल कुसू ठेवून बसवा, मग पायाच्या घाटात कातून घ्या. बुडाला जवसाचं उकळलेलं तेल पिईल तेवढं पाजा. बरेच जण पायाला खालून बंद पितळी वाटी बसवतात. ती लावू नका, वाटीत पाणी साठतं आणि लाकूड आतून कुजतं. बाजूने कडं बसवा, खाली उघडं.

फळी पट्ट्यांना वरून खिळ्यांनी जोडलेली असेल तर तेही बदला. पट्टीच्या आतल्या बाजूला खाच पाडून लाकडी गुटके बसवायचे, गुटका फळीला पितळी स्क्रूने आणि पट्टीच्या खाचेत नुसता अडकवलेला. मग फळी रुंदीत सरकू शकते आणि चौरंग उचलला तरी सुटत नाही. लांब बाजूंना तीन-तीन, आखूड बाजूंना दोन-दोन गुटके पुरतात.

सध्या पावसाळा चालू आहे, ते तुमच्या फायद्याचंच. लाकूड आत्ता जास्तीत जास्त फुगलेलं आहे. भाद्रपदात पत्रा चढवला तर फळीच्या कडेवरून खाली वळवलेली त्याची घडी अंगासरशी बसवता येते, उन्हाळ्यात फार तर ती थोडी सैल होईल. हेच काम एप्रिलमध्ये असतं तर दोन्ही लांब बाजूंना घडीत 3 मिलिमीटर मोकळी जागा सोडायला सांगितलं असतं.

भोगावतीकाठ

पटाशीदादा, मनापासून आभार. वाकून बघितलं, फळी वरून चार खिळ्यांनीच ठोकलेली आहे, आणि खिळ्यांभोवती लाकूड काळं पडलंय. ते कशामुळे? आणि नवीनच करायचं ठरलं तर लाकूड कोणतं?

पटाशी

लोखंड, ओलावा आणि लाकडातलं तुरट द्रव्य एकत्र आलं की असा काळा डाग पडतो. त्यातून गंज फुगतो आणि फळी चिरते. खिळे काढून भोकांत लाकडी खुंट्या बसवा.

नवीन करायचा तर पहिली पसंती सागाचा गाभा, दुसरी शिवण. शिवण हलकी, फिकट, आणि वाळल्यावर फारशी वाकत नाही. पाट-चौरंगाला ती पूर्वीपासून वापरतात ते उगीच नाही. शिसव टिकाऊ, पण 24 इंची चौरंग रोज उचलायचा असेल तर जड पडते. फणस चालेल. आंबा नको, भुंगा लागतो. सागातही बाहेरचं पांढरट लाकूड अजिबात घेऊ नका, किडा आधी त्यालाच लागतो. टिंबर मार्केटात फळी घेताना तिचं टोक बघा. वर्तुळाच्या रेषा फळीच्या रुंद बाजूला जवळपास काटकोनात असतील तर ती उभी चिरलेली, कमी हलणारी. 18 इंच रुंदीत अशी एकसंध फळी मिळणं अवघड, म्हणून 6 इंची तीन फळ्या जीभ-खाच करून जोडायच्या. जुन्या वाड्याची तुळई मिळाली तर फार उत्तम, फक्त चिरण्याआधी आतले खिळे शोधायला लावा.

ठोकणीचं काम

धातूचं मी सांगतो. पटाशींनी सांगितलेलं लाकडाच्या हलण्याचं गणित बरोबर आहे, पत्रा त्याच हिशोबाने बसवायचा.

तुमच्या फळीला 24 बाय 18, चारी बाजूंनी 1 इंच खाली घडी, आणि फळीच्या खालून पाव इंच आत मुरडायला. म्हणजे पत्रा 26.5 बाय 20.5 इंच, क्षेत्रफळ सुमारे 3505 चौरस सेंटिमीटर. त्यावरून वजन काढता येतं.

पितळ 24 गेज (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ), म्हणजे 0.56 मिलिमीटर: सुमारे 1650 ग्रॅम. याहून पातळ पितळ रोजच्या ताटांखाली घेऊ नये.

चांदी 30 गेज, म्हणजे 0.315 मिलिमीटर: सुमारे 1160 ग्रॅम. 32 गेज घेतली तर 1 किलोच्या आसपास, 28 गेज घेतली तर 1380 ग्रॅम. वरच्या भागाला 28 च घ्या, हवं तर कडेला 30. पट्ट्यांना 30 गेजने साधारण 490 ग्रॅम आणि पट्ट्यांखालच्या 8 इंच पायांना सुमारे 540 ग्रॅम लागेल, पाय अडीच इंच जाड धरून. म्हणजे वर 28 आणि बाकी 30 गेज धरली तर पूर्ण मढवायला 2.4 किलोच्या आसपास. त्यावर कापणीची तूट. ती तूट परत मोजून घ्यायची असते हे कमिटीने लक्षात ठेवावं.

खरं सांगायचं तर पाय चांदीने मढवू नका. ओल्या फरशीला लागून राहणाऱ्या भागात चांदीखाली पाणी अडकतं आणि बाहेरून काही कळत नाही. पाय लाकडीच शोभतात.

बसवण्याची रीत: एका लांब बाजूला चुका पक्क्या मारायच्या, समोरच्या लांब बाजूला एकही चूक नाही. तिथे पत्र्याची घडी फळीच्या खाली मुरडून नुसती अडकवायची, म्हणजे फळी घडीच्या आत सरकते. दोन्ही आखूड बाजूंना पक्क्या कडेजवळ एक चूक घट्ट, बाकीच्यांची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट, 5 ते 6 मिलिमीटर, आणि चुका डोकं टेकेल इतक्याच ठोकलेल्या. कोपरा कापून झाळू नका (डाख देऊन जोडू नका), पाकिटाच्या तोंडासारखी घडी घाला. झाळ दिलेला कोपरा ताणाखाली आधी उसवतो. घडी घालण्याआधी कोपऱ्याचा भाग तावून मऊ करून घ्यावा लागतो: मंद लाल दिसेपर्यंत तापवून गार करायचा. न तावता दोनदा दुमडलं तर तिथेच चीर जाते. तुमचे मागचे कोपरे चिरण्यात हेही कारण असू शकतं.

चुका कशाच्या, हा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. पितळाला पितळी चुका, चांदीला चांदीच्या. पितळात लोखंडी चूक मारली की ओलाव्यात लोखंड झपाट्याने गंजतं, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट-आंबट पाणी. तुमच्या तपकिरी डोक्यांचं मूळ तेच.

चांदीखाली लोकरी फेल्ट, रबरी शीट किंवा रबराचा डिंक घालू नका. लोकर आणि रबर दोन्हींत गंधक असतं, चांदी मागून काळी पडत जाते. लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन हात देऊन पूर्ण वाळू द्या, त्यावर सरळ पत्रा बसू द्या.

तुमचं जुनं पितळ टाकू नका. वरचा पत्रा नवा घालावा लागेल, पण पट्ट्यांवरचं वेलबुट्टीचं काम पुन्हा होत नाही. ते राळेवर बसवून केलेलं असतं: राळ आणि विटेची भुकटी साधारण सारख्या वजनाने, त्यात थोडं तेल, उन्हाळ्यात कमी आणि थंडीत जास्त. त्या मिश्रणावर पत्रा उलटा ठेवून मागून नक्षी उठवायची, मग सुलटा करून ठशांनी रेषा धारदार करायच्या, मध्ये दोन-तीनदा राळ काढून पत्रा तावायचा. असं काम दुरुस्त करताना मागून राळ भरूनच ठोकावं लागतं. पोकळ ठेवून पुढून हातोडी मारली की फुलं बसतात.

चांदीचा नवा पत्रा करायचाच ठरला तर एक आग्रह धरा: वरच्या भागावर उठावाचं काम नको. मधोमध कमळ काढलं की ताट त्यावर टेकतच नाही, आणि पाकळ्यांच्या खाचांत तूप, गूळ, कुंकू बसून काळं होतं. वरचा भाग साधा, नक्षी कडेच्या पट्ट्यांवर. तुमचा जुना चौरंग ज्याने केला त्याने हे ओळखूनच वर साधा पत्रा ठेवलाय.

शिलाहार

वय ओळखण्याबद्दल. नुसत्या फोटोवरून कुणी साल सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण उघडल्यावर या गोष्टी बघा.

वरच्या पत्र्याची मागची बाजू. सगळीकडे एकसारखा जाड आणि गुळगुळीत असेल तर यंत्राने लाटलेला. 19व्या शतकात असा पत्रा विलायतेहून मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. त्याआधी पितळेची लादी हाताने ठोकून पसरवत. त्या पत्र्यावर मागून हातोडीचे गोल ठसे आणि कमीजास्त जाडी दिसते. कडा बोटांत धरून चार ठिकाणी जाडी मोजली की लगेच कळतं.

खिळे. चौकोनी, हाताने घडवलेला खिळा जुना. गोल तारेचा खिळा यंत्राचा. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू दिसला तर तो 1930 च्या दशकानंतरचा, म्हणजे एखादी दुरुस्ती तरी त्यानंतरची.

फळीची खालची बाजू. गोल करवतीच्या गिरणीत चिरलेल्या फळीवर कमानीसारख्या वक्र रेषा असतात. हाताच्या करवतीच्या रेषा सरळ, थोड्या तिरक्या आणि असमान अंतराच्या.

तीनही गोष्टी वेगवेगळ्या काळाच्या निघाल्या तर आश्चर्य नको. देवळातल्या वस्तूचा पत्रा बदलतो, पाय बदलतात, फळी तीच राहते.

लाकडाच्या निवडीचं शास्त्र फार जुनं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, शय्या आणि आसनांच्या लक्षणांचं प्रकरण आहे. त्यात चांगल्या लाकडांत काश्मरी म्हणजे आपली शिवण, शाक म्हणजे साग, आणि शिंशपा ही नावं येतात. वीज पडलेलं, वादळाने किंवा पाण्याने पडलेलं, हत्तीने पाडलेलं, मधमाश्यांचं किंवा पक्ष्यांचं घर असलेलं झाड घेऊ नये असंही सांगितलंय. कारागिराच्या नजरेने वाचलं तर यातला बराच भाग पटतो. वीज पडलेल्या झाडात आतून चिरा असतात, ढोलीचं झाड आतून कुजलेलं असतं.

पायांच्या घाटाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे दोन वळणं दिसतात. एक कातीव: एकावर एक कडी, खाचा, मधे फुगीर भाग. हीच भाषा दगडात बघायची असेल तर शिरोळ तालुक्यात खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघा, तिथल्या स्वर्गमंडपात 48 खांब आहेत. दुसरं वळण मराठाकालीन लाकूडकामातलं, सुरूच्या झाडासारखं खाली भरीव आणि वर निमुळतं. ते अंबाबाईच्या देवळातल्या लाकडी गरुड मंडपाच्या धर्तीचं. तुमच्या पायावर कातीव कडी असतील तर बुडाला नवा तुकडा जोडताना कडी मोजून, तोच घाट ठेवायला सांगा. कातारी (पाय कातणारा कारागीर) सवयीने स्वतःचा घाट काढतो आणि मग चार पायांची खालची टोकं परकी दिसतात.

गुरवकी

वापरणाऱ्याच्या बाजूनेही बघा, कारण सगळी झीज तिथेच होते.

नैवेद्य ठेवण्याआधी पाण्याने चौकोनी मंडल काढतात, चौरंग असला तरी. मग भोवती पाणी फिरवून प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा म्हणत नैवेद्य दाखवतात. म्हणजे दिवसातून निदान दोनदा या पत्र्यावर पाणी पडतंच. त्यात पंचामृतातलं दही, लिंबाची फोड, कोशिंबिरीचं पाणी. आंबट पदार्थ पितळाला लागून राहिला तर हिरवा थर धरतो आणि पदार्थही कळकतो. म्हणून नैवेद्य पानावर किंवा ताटात, थेट पत्र्यावर कधीच नाही. पितळी ताट-वाट्या असतील तर कल्हई उजळ हवी. कथील झिजून आतलं पिवळं दिसायला लागलं की त्यात ताक, आमटी वाढू नये.

नैवेद्य उचलल्यावर लगेच ओल्या फडक्याने आणि नंतर कोरड्याने पुसायचं, घडीच्या कडेनेसुद्धा. एवढं रोज केलं तर चिंच लावायची वेळ महिन्यातून एकदाच येते. चिंच किंवा लिंबू लावून पत्रा तसाच ठेवला तर पितळ गुलाबी-तांबूस दिसायला लागतं, कारण आंबटाने त्यातलं जस्त आधी निघून जातं. लावायचं, दोन-तीन मिनिटांत पुसायचं, पुन्हा साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. पाणी ओतून धुवायचं नाही.

चांदी रांगोळीने घासण्याची सवय बऱ्याच देवळांत आहे. ती बंद करा. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, दर वेळी थोडी चांदी घासून नेते, आणि 30 गेजच्या पत्र्यात घासायला फार काही नसतंच. खडूची बारीक पूड, ओला कापूस, हलका हात, बस्स.

नारळ चौरंगावर फोडू नये. जळता कापूर, धुपाटणं, तापलेलं पातेलं थेट ठेवू नये. समई चौरंगावर नको, शेजारी ठेवा. झिरपलेलं तेल घडीतून आत जातं आणि त्यात धूळ-गुलाल बसून घट्ट काळा थर होतो.

आणि उंचीबद्दल. पाटावर बसून नैवेद्य दाखवायचा असेल तर 12 इंच जास्त होते, हात वर उचलून पाणी फिरवावं लागतं आणि ते बाहेर सांडतं. 9 ते 10 इंच सोयीचे. बुडं कापायचीच आहेत, तर नवे तुकडे जोडायची खरंच गरज आहे का ते आधी ठरवा. नुसती कापून सारखी केली तरी चालेल.

पटाशी

गुरवकींचा मुद्दा शंभर टक्के मान्य. दीड इंच कापून साडेदहा उंची राहत असेल तर जोडच नको. खालचं कडं गेलं तर पाय थोडे बुटके दिसतील, पण जोड नसलेला पाय कधीही मजबूत. फक्त चारही पाय एकाच मापाने कापा, आणि सपाट फरशीवर ठेवून तपासा. देवळाच्या फरशीवर तपासलात तर फरशीचा उतार पायांत येईल.

वाडीकर

एक भर घालतो, नदीकाठच्या गावांसाठी. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरतं तेव्हा उत्सवमूर्ती आणि सामान हलवण्याची रीत ठरलेली असते. 2019 आणि 2021 च्या पुरात मात्र जिथे कधी पाणी आलं नव्हतं अशाही देवळांत ते घुसलं. पाण्यात राहिलेल्या मढवलेल्या चौरंगाचा पत्रा बाहेरून धुऊन तसाच ठेवतात, ते चूक. पत्र्याखाली गाळ अडकतो आणि लाकूड आत सडतं. पत्रा उतरवायचा, गाळ साध्या पाण्याने धुवायचा, चौरंग सावलीत, पायाखाली ठोकळे देऊन, वारा फिरेल असा ठेवायचा. उन्हात ठेवला तर वरचा थर आधी आखडतो आणि चिरतो. आठवड्याला वजन करत राहा. सलग दोन वजनं सारखी आली की सुकलं समजा, मगच तेल आणि पत्रा.

ठोकणीचं काम

पुराच्या निमित्ताने आठवलं. अडगळीच्या खोलीत पारवे-वटवाघळं असतील तर पितळी वस्तू झाकून ठेवा. त्यांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाने, ठोकून ताण राहिलेल्या पितळाला आपोआप बारीक चिरा जातात. म्हणून शेवटची ठोकणी झाल्यावर पत्रा हलका तावून ताण काढलेला बरा. वेलबुट्टी असली तरी चालतं, नक्षी बसत नाही.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे आभार. कमिटीत वाचून दाखवलं. बहुमत असं झालं की लाकूड आणि कडेचं जुनं पितळ ठेवायचं, वरचा पत्रा नवा. भाविकांची चांदी वरच्या पत्र्याला वापरता येईल का? म्हणजे वर चांदी आणि कडेला पितळ? आणि कारागिराला काम देताना काय काय लिहून घ्यावं? लाकडाला पॉलिश कोणतं करावं तेही सांगा.

ठोकणीचं काम

वर चांदी आणि कडेला पितळ चालेल, फक्त दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. ओल्यात चांदीशेजारचं पितळ लवकर हिरवं होतं. फळीची घडी आणि पट्टीवरचं पितळ यांच्यात निदान 5 मिलिमीटर उघडं लाकूड राहू द्या. फळी पट्टीच्या बाहेर थोडी पुढे आलेली असतेच, त्यामुळे जागा मिळेल. चांदी 28 गेज, म्हणजे 1.4 किलोच्या आसपास तयारी ठेवा.

लिहून घ्यायचं ते: पत्र्याचं गेज, चांदीचा टंच (शुद्धता), कारागिराकडे दिलेलं वजन, चढवण्याआधी तयार पत्र्याचं वजन, चुकांचं वजन वेगळं, परत आलेल्या तुकड्यांचं आणि भुकटीचं वजन. चढवण्याआधीच वजन करायचं, कारण एकदा लाकडावर बसल्यावर मोजता येत नाही. चुका चांदीच्या, झाळ कुठेही नाही, एक लांब बाजू सरकती, हेही शब्दांत लिहा. कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) किंवा चांदीकामाच्या हुपरी गावाकडे काम दिलं तरी टंच दुसऱ्या ठिकाणी काढून घ्या. ठराव करून, फोटो काढून, देवळाच्या जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत वजनासकट नोंद करा. देऊळ पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे असेल तर हात लावण्याआधी त्यांची लेखी परवानगी.

पटाशी

लाकडाला लाखेचं पॉलिश नको. चकाकी सुंदर येते, पण पाणी सांडलं किंवा गरम भांडं टेकलं की पांढरे डाग पडतात. वार्निशचा जाड थरही नको, तो पापुद्रे धरतो आणि मधेच दुरुस्त होत नाही. जवसाचं उकळलेलं तेल घ्या, फडक्याने पातळ हात द्या, 20 मिनिटांनी वर राहिलेलं पूर्ण पुसून काढा, दोन दिवस वाळू द्या. असे तीन हात. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि वास धरतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

वेळेचा हिशोब: पत्रा उतरवणं आणि सांधे एक आठवडा, तेलाचे हात आणि वाळणं दुसरा, पत्रा बसवणं दोन दिवस. घटस्थापनेच्या आधी तीन आठवडे चौरंग सुताराकडे गेला पाहिजे. चांदीचा पत्रा फळीला तेल लावून वाळल्यावर, तिचं प्रत्यक्ष माप घेऊनच कापायला सांगा. आज घेतलेलं माप तेव्हा एक-दोन मिलिमीटर चुकलेलं असेल.